बशीतल्या पेशी आणि आईची हळद

पत्र असं आहे. मोठं होतं, कामापुरतं ठेवलंय.

"मावशी, लालबागहून लिहितेय. आई ६२ वर्षांची. जूनमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता परळच्या हॉस्पिटलात केमो चालू आहे, लाल औषधाचे चारपैकी दोन डोस झाले. डायबेटिस आहे, आणि पायात गुठळी झाली होती म्हणून रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे. गेल्या आठवड्यात ठाण्याहून दादा कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेऊन आला. अठराशे रुपयांची बाटली. ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, ९५ टक्के शुद्ध, सोबत काळ्या मिरीचा अर्क. दिवसाला दोन. नऊ दिवस झाले, आई घेतेय. दादाने एक पीडीएफ पाठवलीय, त्यात प्रयोगशाळेत कर्क्युमिनने स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी मारल्याचे आलेख आहेत. मी डॉक्टरांना विचारूया म्हटलं तर म्हणाला, 'अगं हळदच आहे, विष नाही. अमेरिकेने पेटंट उगाच घेतलं होतं का?' आईला वाटतं, मुलाने एवढ्या प्रेमाने आणलंय तर घ्यावं. मी मधे पडले तर मी वाईट. नाही पडले आणि काही झालं तर? आणि अँटिऑक्सिडंट चांगलं असतं असं सगळेच सांगतात, मग ते केमोत का नको? ता. क. : आई विचारतेय, नागपंचमीला हळदीच्या पानातले पातोळे केले तर चालतील का?"

मावशी म्हणालीस, म्हणजे अगं-तुगं करायची सोय झाली.

आधी उत्तर सांगते, कारणं मग. कॅप्सूल आजपासून बंद. ती डॉक्टरांनी लिहून दिलेली नाही, त्यामुळे बंद करायला कुणाची परवानगी लागत नाही. लिहून दिलेली कुठलीही गोळी मात्र स्वतःच्या मनाने थांबवायची नाही, रक्त पातळ करायची तर अजिबातच नाही. पुढच्या डोसपर्यंत थांबू नकोस. केस पेपरवर वॉर्डाचा किंवा ओपीडीचा नंबर असेल, तिथे उद्याच फोन कर आणि सांग : अमुक तारखेपासून नऊ दिवस, दिवसाला ९५० मिलिग्रॅम कर्क्युमिन, मिरीच्या अर्कासकट. बाटली फेकू नकोस, पिशवीत घालून घेऊन जा. लेबल त्यांना त्यांच्या डोळ्यांनी वाचू दे. लिव्हरच्या तपासण्या केमोच्या आधी होतातच, पण हे ठाऊक असलं की त्या आकड्यांकडे बघणाऱ्याची नजर बदलते.

तोवर डोळे उघडे ठेव. डोळे किंवा त्वचा पिवळसर, लघवी चहासारखी, अंगभर खाज, हिरड्यांतून रक्त, न आपटता उठलेले काळेनिळे डाग, काळी शी, यातलं काहीही दिसलं तर फोन न करता सरळ हॉस्पिटल. ताप १०० च्या वर गेला तरी तेच. ताप कॅप्सूलमुळे येईल असं नाही, केमोत पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असताना तापाला रात्रभर थांबवून चालत नाही म्हणून.

आता दादाचं वाक्य. "हळदच आहे."

नाही, हळद नाहीये ती. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के, जातीप्रमाणे थोडं वरखाली. आमटीच्या पातेल्यात तू अर्धा चमचा हळद टाकतेस, म्हणजे दीड ग्रॅम. त्यात कर्क्युमिन पंचेचाळीस-पन्नास मिलिग्रॅम, आणि तेही चार-पाच जणांत वाटलं जातं. एका कॅप्सूलमध्ये ४७५. म्हणजे एका कॅप्सूलसाठी पंधरा ग्रॅमच्या वर हळद, पाच चमचे काठोकाठ. दोन कॅप्सूल म्हणजे दहा चमचे. ऊस आणि साखर यांत जेवढं अंतर आहे तेवढं इथे आहे. उसाचा रस पिणारा माणूस पाव किलो साखर एका बैठकीत खाऊ शकतो असं आपण म्हणत नाही ना.

आणि नऊ दिवसांत काही झालं नाही म्हणून ते निरुपद्रवी, असंही नाही. अमेरिकेत औषधांनी लिव्हरला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं एक जाळं आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांनी लिव्हर बिघडलेले दहा रुग्ण तपशीलवार मांडले. पाच जणांना दाखल करावं लागलं, एक दगावला. दहातल्या सात जणांत एकच विशिष्ट जनुकप्रकार सापडला, म्हणजे हे सगळ्यांना होत नाही, काहींच्या रक्तातच त्याची तयारी असते. तुझ्या आईच्या रक्तात ती आहे की नाही हे तुला ठाऊक नाही, मला नाही, आणि बाटली विकणाऱ्यालाही नाही. लाल औषध लिव्हरमधूनच बाहेर पडतं. त्या लिव्हरवर आत्ता आणखी ओझं कशाला?

पीडीएफमध्ये काही खोटं आहे असं मी म्हणत नाही. आलेख खरेच असतील. मी परळमध्येच औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काढली, असले आलेख स्वतः काढलेत. म्हणूनच ते कसे निघतात ते तुला सांगावंसं वाटतं.

आधी घरातलाच एक प्रयोग. पांढऱ्या बशीत चिमूटभर हळद घे, थोडं पाणी, आणि खायच्या सोड्याची चिमूट टाक. रंग नारिंगी-तांबूस होईल. चुन्याची निवळी असेल तर चक्क लाल, कुंकू असंच करायचे. साडीवर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो हे तुझ्या आईला तू सांगायची गरज नाही. आणि तो डाग घासून जात नाही, पण दोन दिवस उन्हात वाळत घातला की आपोआप फिका पडतो, हेही तिला माहीत असेल. या दोन गोष्टींत कर्क्युमिनचा सगळा स्वभाव आला. क्षार लागला की बिथरतं, उजेड लागला की मोडतं. १८१५ मध्ये दोन युरोपीय रसायनशास्त्रज्ञांनी हळदीतून हा पिवळा पदार्थ वेगळा काढला, १९१० मध्ये त्याची रचना कळली, आणि तेव्हापासून आजवर ते बाटलीत नीट टिकवणं ही औषधवाल्यांची डोकेदुखी आहे. आपलं रक्त किंचित क्षारयुक्तच असतं. तेवढ्याच क्षाराच्या, शरीराइतक्या गरम साध्या द्रावणात कर्क्युमिन ठेवलं तर अर्ध्या तासात नव्वद टक्के मोडून जातं. रक्तातली प्रथिनं त्याला थोडं धरून ठेवतात, त्यामुळे काही तास मिळतात. पण दिवसभर शरीरात फिरत बसणारं ते औषध नव्हे.

आता प्रयोगशाळेतली बशी. स्तनाच्या कॅन्सरच्या प्रयोगात बहुतेक वेळा एमसीएफ-७ नावाच्या पेशी असतात. १९७० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका वयस्कर ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या काढल्या. ती बाई केव्हाच गेली, पेशी मात्र जगभरच्या फ्रीजरमध्ये अजून वाढताहेत. प्लास्टिकच्या तळाला चिकटून, गुलाबी रसात बुडून. त्यांना ना रक्तवाहिन्या, ना लिव्हर, ना आतडं. त्यांच्यावर तू जे ओतशील ते थेट पोचतं, मधे कुणी अडवायला नाही.

पेशी मेल्या हे कसं मोजतात? ९६ खळग्यांची एक प्लेट असते, आपल्या आप्पेपात्राची लहान बहीण म्हण. दोन दिवस औषधात ठेवलेल्या पेशींवर एक पिवळं रसायन टाकायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जांभळा जितका गडद तितक्या पेशी जिवंत, यंत्र आकडा देतं. झकास पद्धत आहे, मी हजारो वेळा केलीय. पण गंमत अशी की अँटिऑक्सिडंट पदार्थ काही वेळा पेशी नसतानाही ते जांभळं करून ठेवतात. त्यात कर्क्युमिन स्वतः पिवळं, आणि प्रकाश टाकला की चमकतं. यंत्र बापडं रंग मोजतं, रंग कुणाचा हे त्याला कुठे कळतं!

१९९१ च्या सुमाराची गोष्ट. आमच्याकडे एक मुलगा होता, हुशार, पण घाई फार. एका संध्याकाळी धावत आला, "मॅडम, सगळ्या मेल्या!" कर्क्युमिन नव्हतं, दुसऱ्या एका सालीचा अर्क होता. मी प्लेट हातात घेतली आणि विचारलं, नुसत्या डीएमएसओचे खळगे कुठायत? हे अर्क पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून टाकावे लागतात. नुसतं द्रावक घातलेले काही खळगे शेजारी ठेवायचेच असतात, तुलनेला. त्याने ठेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी ठेवले, तर नुसत्या द्रावकानेही पेशी जवळजवळ तेवढ्याच मेल्या होत्या. बिचारा आठवडाभर कॅन्टीनला आला नाही. पुढे तोच मुलगा सगळ्यात काटेकोर निघाला ते सोड. तेव्हापासून "पेशी मेल्या" हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाने? आणि दुसरा, कितीने?

कितीने, हाच तुझ्या पीडीएफमधला खरा प्रश्न. आलेखाच्या खालच्या रेषेवर बघ, मायक्रोमोलर असं एकक लिहिलेलं असेल, म्हणजे द्रावणात औषध किती दाट आहे त्याचं माप, आणि आकडे १०, २०, ५० असे. पेशी सहसा तिथे मरतात. तैवानमध्ये २००१ मध्ये कॅन्सरपूर्व किंवा धोक्याचे बदल दिसलेल्या पंचवीस रुग्णांना कर्क्युमिन तोंडाने दिलं, दिवसाला आठ ग्रॅमपर्यंत. म्हणजे दादाच्या सोळा कॅप्सूल. बारा ग्रॅम देऊन पाहिले तर माणसांना तेवढं गिळवेना. आठ ग्रॅमवर रक्तात सर्वांत जास्त किती चढलं? सरासरी पावणेदोन मायक्रोमोलरच्या आसपास, तेही एक-दोन तासांनी, मग हळूहळू उतरलं. सोळा कॅप्सूल घेऊन पावणेदोन, मग दोन कॅप्सूलने किती? बशीतलं पाणी आणि आईचं रक्त यांत हे अंतर आहे. बशीतले पन्नास मायक्रोमोलर आईच्या रक्तात चढतील अशी बाटली कुठल्याही केमिस्टकडे मिळत नाही.

म्हणूनच २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकात कर्क्युमिनचा सगळा ताळेबंद मांडला गेला. माणसांवरच्या १२० हून अधिक चाचण्या झालेल्या होत्या. रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही माहीत नाही, निम्म्यांना औषध नसलेली नुसतीच गोळी, अशा पक्क्या पद्धतीच्या चाचण्यांत निर्विवाद यश मिळालेलं एकही उदाहरण त्या लेखकांना सापडलं नाही. त्यांचं आणखी एक निरीक्षण मला फार आवडतं : कर्क्युमिन जवळपास कुठल्याही चाचणीत "हो" म्हणतं. सूजेवर विचारा, हो. अल्झायमरवर विचारा, हो. कॅन्सर, हो. लग्नात एक पाहुणा असतो बघ, मुलीकडच्या फोटोतही असतो आणि मुलाकडच्याही, आणि शेवटी कुणाचा ते कळतच नाही. तसं. त्यातून या विषयातल्या अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या संशोधकाचे कितीतरी निबंध चित्रांतल्या गडबडीमुळे नियतकालिकांनी मागे घेतले. पण मागे घेतलेला निबंध व्हॉट्सॲपवरून कुणी मागे घेत नाही.

हे वाचून हळद म्हणजे थोतांड असं समजू नकोस. बशीत कर्क्युमिन खरंच बरंच काही करतं. पेशींत सूज चालू करणारं एक बटण असतं, ते दाबून धरतं. पेशीची स्वतःची संरक्षक यंत्रणा जागी करतं. लोखंडाला चिकटतं. उंदरांत त्यामुळे शरीरातलं लोह कमी झाल्याचंही दिसलंय, आणि केमोत हिमोग्लोबिन आधीच खाली असतं, हे लक्षात असू दे. आणि एक उलटापालट बघ : कमी मात्रेत ते अँटिऑक्सिडंट असतं, जास्त मात्रेत त्याच्या उलट वागतं, ऑक्सिजनचे आक्रमक कण स्वतःच तयार करतं. बशीत पेशी मरतात त्या पुष्कळदा या दुसऱ्या वागण्याने. म्हणजे जाहिरात अँटिऑक्सिडंट म्हणून, आणि आलेख त्याच्या नेमक्या विरुद्ध गुणाचा. दादाच्या पीडीएफमध्ये दोन्ही एकाच पानावर असतील, शोध.

तू विचारलंस, अँटिऑक्सिडंट चांगलं तर केमोत का नको. आईचं लाल औषध कॅन्सरच्या पेशी मारतं ते मुख्यतः त्यांच्या डीएनएला अडकून, आणि काही प्रमाणात असेच आक्रमक कण तयार करून. त्या कणांना विझवणारी बादली आपण बाहेरून ओतायची, आणि ती फक्त चांगल्या पेशींवर पडेल अशी आशा करायची? २००२ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. त्याच एमसीएफ-७ पेशी, तेच लाल औषध. कर्क्युमिन आधी दिलं तर केमोने मरणाऱ्या पेशी कमी मेल्या. मग ज्यांच्या अंगात माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरची गाठ वाढवली होती अशा उंदरांच्या खाण्यात कर्क्युमिन घातलं, आणि त्यांच्यात केमोने गाठ आकसायची ती नीट आकसली नाही. त्यांनी दिलेलं केमो होतं सायक्लोफॉस्फामाइड. आईच्या केस पेपरवर लाल औषधाच्या शेजारी बहुधा हेच दुसरं नाव असेल, बघून घे. याच्या उलट निष्कर्षाचेही अभ्यास आहेत, कर्क्युमिनने केमोला मदत झाली असं सांगणारे. ते मी लपवत नाही. पण मग दादाने बशीतले प्रयोग मानायचे ठरवले तर सगळेच मानावे लागतील. त्याने आपल्या आवडीचं पान पाठवलं, हे दुसरं पान मी पाठवतेय.

माणसांवरचंही सांगते, कर्क्युमिनचं नाही, त्याच्या भाऊबंदांचं, म्हणजे दुसऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांचं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष १९९४ मध्ये आले. गाजरातलं बीटा-कॅरोटिन गोळीतून दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी खात्री होती, कारण गाजर खाणाऱ्यांत तो कमी दिसत होता. झालं उलटं, गोळी घेणाऱ्यांत १८ टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये वेळेआधी थांबवावी लागली. गाजर निर्दोषच होतं. आणि तुझ्या आईसारखंच, याच औषधांचं केमो घेणाऱ्या ११३४ स्त्रियांचा अमेरिकेतला अभ्यास २०२० मध्ये छापून आला : केमोच्या आधी आणि केमो चालू असताना अँटिऑक्सिडंट गोळ्या घेणाऱ्यांत आजार परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं. अशा गोळ्या घेणाऱ्या बायका त्यात थोड्याच होत्या, म्हणून ते छातीठोकपणे सांगता येत नाही. पण ज्या पारड्यात फायद्याचा पुरावा शून्य आहे, त्याच्यासमोर एवढा संशयही मला पुरतो.

राहिली मिरी. बाटलीतला मला सगळ्यात न आवडलेला भाग तो. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर वीस मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिरीतला तिखट घटक दिला, तर रक्तात चढणारं कर्क्युमिन वीसपट झालं. जाहिरातीत "२००० टक्के" असतं ते तिथून आलं. ऐकायला केवढं वाटतं! पण नुसतं कर्क्युमिन रक्तात जवळजवळ सापडतच नव्हतं, त्याच्या वीसपट. आणि हे पिपरिन करतं काय, तर आतड्यातल्या आणि लिव्हरमधल्या वॉचमनला झोपवतं. बाहेरचं काहीही आलं की त्याला बदलून बाहेर घालवणारी जी एन्झाइम्स आहेत, ती मंदावतात. वॉचमन झोपला की एकटं कर्क्युमिन आत येत नाही. फिटची गोळी, दम्याची गोळी, ब्लडप्रेशरची एक गोळी, यांचं रक्तातलं प्रमाण पिपरिनने वाढल्याचं माणसांतच मोजलेलं आहे. केमोचा डोस उंची-वजन मोजून, मिलिग्रॅममध्ये काढलेला असतो. रक्त पातळ करायची गोळी तर त्याहून नाजूक, त्यात कर्क्युमिन स्वतःही रक्त गोठण्याच्या कामात ढवळाढवळ करतं, आणि केमोने प्लेटलेट खाली आलेले. हे तीन एकत्र नकोत. रश्श्यातल्या चार मिऱ्यांबद्दल मी बोलत नाहीये, त्या असू देत.

पेटंटचं दादा अर्धं सांगतोय. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक संशोधनाच्या सरकारी संस्थेने, तेव्हा तिचे महासंचालक रघुनाथ माशेलकर, म्हणजे आपल्या मुंबईच्या म्युनिसिपल शाळेत शिकलेला मुलगा, जुन्या ग्रंथांतले दाखले देऊन ते आव्हानात नेलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. अभिमान वाटायलाच हवा, मलाही वाटतो. पण त्या लढाईत सिद्ध काय झालं? की जखमेवर हळद लावणं ही आपल्या आज्ज्यांची जुनीच माहिती आहे, नवा शोध नव्हे. कॅन्सरचा त्यात उल्लेखही नव्हता.

घरच्या हळदीचं. आमटीत, भाजीत, जेवढी रोज पडते तेवढी पडू दे. झोपताना हळदीचं दूध मागितलं तर पाव चमचा घालून दे, साखर न घालता. ओल्या हळदीचं कच्चं लोणचं मात्र पांढऱ्या पेशी वर येईपर्यंत नको, हळदीमुळे नाही, कच्चं आहे म्हणून. तुम्ही लालबागलाच राहता, उन्हाळ्यात मसाल्याबरोबर हळकुंडं डंकावर देत असाल, तर फार झळझळीत, हाताला रंग लागणारी पिवळीजर्द हळकुंडं घेऊ नका. बांगलादेशात २०१९ मध्ये हळद चमकवायला शिशाचा पिवळा रंग लावत असल्याचं संशोधकांनी उघड केलं होतं. मळकट, सुरकुतलेली हळकुंडं दिसायला साधी असतात, पण मी तीच घेते.

आणि दादा. खरं तर तुझं पत्र मला त्याच्यासाठीच जास्त वाचावंसं वाटलं. तो ठाण्याहून बाटली घेऊन येतो याचा अर्थ त्याला काहीतरी करायचंय आणि काय करावं कळत नाही. आईजवळ तू आहेस, केमोला तू नेतेस, उलटीचं भांडं तू धरतेस. त्याच्या वाट्याला उरलं काय, तर इंटरनेट. त्याला पीडीएफवरून हरवायला जाऊ नकोस. माझं हे उत्तर त्याला फॉरवर्डही करू नकोस, निदान आज तरी. पुढच्या डोसला त्याला रजा टाकून यायला सांग. तू घरी रहा. बाटली त्याच्याच हातात दे आणि म्हण, "दादा, तूच आणलीस, तूच डॉक्टरांना दाखव, काय विचारायचं ते तूच विचार." डे केअरच्या त्या खुर्चीशेजारी तीन तास बसला, लाल औषध नळीतून थेंब थेंब उतरताना पाहिलं, नर्स ते देताना दोन ग्लोव्हज का घालते हे विचारलं, की आपण आणलेल्या बाटलीकडे त्याची बघण्याची रीत बदलेल असं मला वाटतं. नाहीच बदलली, तरी डॉक्टरांचं "नको" त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असेल, तुझ्या तोंडून नाही. तू वाईट ठरण्याचा प्रश्न तिथेच मिटतो.

आईला काय सांगायचं? खरं तेच, थोडक्यात. "दादाची गोळी डॉक्टरांना दाखवेपर्यंत थांबवलीय." आईला गोळी नको असते गं, मुलाने आणलेलं काहीतरी हवं असतं. त्या अठराशे रुपयांत दर रविवारी शहाळी आणि पापलेट आणायला सांग त्याला. प्रथिनं तिला खरंच लागणार आहेत, आणि केमोत तोंडाची चव गेली तरी मुलाने आणलेलं पापलेट घशाखाली उतरतं.

ता. क. चं. पातोळे कर, अगदी कर. हळदीचं पान स्वच्छ धुऊन पुसून घे, डोस होऊन आठवडा झालेला असेल आणि मळमळ असेल तर नारळ जरा कमी घाल. गूळ निम्मा, तिची साखर बघून दोनच पातोळे. वाफ पूर्ण येऊ दे, आणि पान तिला स्वतःला सोलू दे, तो वास पहिला तिला मिळायला हवा. सकाळचे संध्याकाळी नकोत, गरमच दे. तुपाची धार घालायला माझी हरकत नाही.